खाणीचा उतार, विहिरीचे पाणी आणि नोंदींवरील हक्क

(गोंदिया येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मध्य भारतातील मँगनीजच्या थरांसोबत एक विशिष्ट खडक सापडतो. भूशास्त्रात त्याला ‘गोंडाइट’ म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील शास्त्रज्ञ फर्मर यांनी १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मँगनीजवरील आपल्या बृहद्ग्रंथात हे नाव रूढ केले, आणि ते त्यांनी या प्रदेशातील गोंड जमातीवरून घेतले. शास्त्राने लोकांचे नाव खडकाला दिले. त्या खडकाशेजारच्या खनिजाचा आणि ते काढताना उपसल्या गेलेल्या पाण्याचा हिशेब मात्र त्या लोकांपर्यंत कधी पोहोचला नाही. आजचा विषय हा या न पोहोचलेल्या हिशेबाचा आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. जिल्ह्याची ओळख धानाची आणि तलावांची आहे, खाणींची नव्हे. परंतु नकाशा समोर ठेवला तर जिल्ह्याच्या सभोवती उघड्या खाणी दिसतात. पश्चिमेस, जुन्या भंडारा जिल्ह्याच्याच तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्गची मँगनीजची उघडी खाण आहे. ईशान्येस, बालाघाट जिल्ह्यात, हिंदुस्थान कॉपरची मलाजखंडची तांब्याची खाण १९८२ पासून उघड्या पद्धतीने चालत आली व पुढे तिच्याखाली भूमिगत खाणीचे काम हाती घेण्यात आले. दक्षिणेस गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज काढले जात आहे. म्हणून उघड्या खाणीचा कडा कसा ढासळतो, तिच्याभोवतीचे भूजल कसे खाली जाते आणि या दोहोंवर स्वयंचलित यंत्रांनी पाळत ठेवण्याचे जे नवे तंत्र आले आहे ते कोणाच्या हाती असावे, हे प्रश्न येथील कार्यकर्त्याला परके मानता येणार नाहीत.

उताराचा कोन आणि नफ्याचा कोन

उघडी खाण म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी खोल जाणारा खड्डा. या पायऱ्यांना खाणकामगार ‘बेंच’ म्हणतात. खनिज तळाशी असते, आणि त्याच्यावरचा व बाजूचा निरुपयोगी दगड काढल्याशिवाय ते हाती येत नाही. कडा जितका उभा, तितका निरुपयोगी दगड कमी काढावा लागतो. साधे गणित करून पाहावे. शंभर मीटर खोल खाणीचा कडा ४५ अंशांच्या उताराने ठेवला, तर तळापासून माथ्यापर्यंतचे आडवे अंतर शंभर मीटर होते. तोच कडा ४० अंशांवर आणला की हे अंतर सुमारे ११९ मीटर होते. या पाच अंशांसाठी कड्याच्या लांबीच्या प्रत्येक मीटरमागे सुमारे ९६० घनमीटर दगड अधिक काढावा लागतो. कडा एक किलोमीटर लांब असेल तर हा जादा दगड साडेनऊ लाख घनमीटरांहून अधिक भरतो. तो फोडणे, भरणे, वाहणे आणि ढिगाऱ्यावर टाकणे या प्रत्येक कामाला पैसा लागतो, आणि त्यातून विकण्याजोगे काहीही मिळत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उताराचा कोन हा केवळ अभियंत्याचा प्रश्न नाही, तो अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. कोन वाढवला की नफा वाढतो आणि त्याबरोबर कडा ढासळण्याचा धोकाही वाढतो. नफा मालकाच्या खात्यावर जमा होतो. धोका तळाशी शॉवेल आणि डंपर चालवणाऱ्याच्या वाट्याला येतो. लाभ एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची अशी विभागणी जेथे असते, तेथे लाभ घेणारा जोखमीचे मोजमाप नेहमी थोडे कमीच करतो. त्यासाठी तो दुष्ट असण्याची गरज नसते. हिशेबाची रचनाच त्याला तिकडे ढकलते.

या कोनात पाण्याचा भाग फार मोठा आहे. खडकातील भेगांत आणि मातीच्या कणांमध्ये पाणी साचले की ते आतून दाब देते. दहा मीटर उंचीचे पाणी एका चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा दाब देते. वरच्या थराचे वजन खालच्या थराला घट्ट धरून ठेवते, आणि हा आतला दाब ती पकड सैल करतो. कार्ल टर्झागी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे तत्त्व मांडले, आणि आधुनिक मृदाशास्त्र त्यावर उभे आहे. पावसाळ्यात कडे आणि ढिगारे का घसरतात याचे उत्तर येथे आहे. पाणी उपसून दाब कमी केला, तर तोच कडा अधिक उभा ठेवूनही सुरक्षित राहू शकतो. म्हणजे खाणीतून पाणी उपसणे हे तळ कोरडा ठेवण्यापुरते नसते. उभ्या कड्याचा नफा सुरक्षितपणे मिळवण्याचेही ते साधन असते.

यंत्रे काय करतात

पूर्वी खाणीत भेग पडली की तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकीत आणि त्यांतील अंतर रोज फुटपट्टीने मोजीत. अनुभवी कामगार घरंगळणाऱ्या बारीक खड्यांवरून कड्याची नियत ओळखत असत. आजची साधने याच कामाची सुधारलेली रूपे आहेत. कड्यावर ठिकठिकाणी आरसे बसवून दूरच्या दुर्बीण-यंत्राने त्यांची जागा दिवसरात्र मोजली जाते. रडार संपूर्ण कडा काही मिनिटांत पाहून घेतो आणि मिलिमीटरभर हालचालही टिपतो. पिझोमीटर नावाचे उपकरण खोल छिद्रात बसवतात. ते भूजलाचा दाब सांगते. पर्जन्यमापकाची नोंद यांच्याशी जोडली जाते. सर्व आकडे बिनतारी यंत्रणेने नियंत्रण कक्षात जमा होतात, आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडे हालचाल गेली की सायरन वाजतो. हालचालीचा वेग वाढत जातो त्यावरून कडा कोसळण्याची वेळ आगाऊ काढता येते, हे जपानचे फुकुझोनो यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले.

या तंत्राचे यश निर्विवाद आहे. अमेरिकेतील युटा राज्यात बिंगहॅम कॅनियन या तांब्याच्या खाणीचा कडा १० एप्रिल २०१३ रोजी कोसळला. सुमारे दीड तासाच्या अंतराने दोन वेळा मिळून साडेसहा कोटी घनमीटरांच्या आसपास दगड खाली आला. यंत्रांनी हालचाल कित्येक आठवडे आधी टिपली होती. माणसे बाहेर काढली गेली होती. अवजड यंत्रसामग्री गाडली गेली, परंतु एकही माणूस दगावला नाही.

याच्या शेजारी आपल्या देशातील नोंदी ठेवाव्यात. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कावडी खाणीत २४ जून २००० रोजी ढिगारा घसरून १० जण मृत्युमुखी पडले. सिंगरौलीच्या जयंत खाणीत १७ डिसेंबर २००८ रोजी ५ जण गेले. झारखंडमधील राजमहल खाणीत लालमटिया येथे २९ डिसेंबर २०१६ रोजी २३ जण गाडले गेले, आणि ते ठेकेदाराकडे काम करणारे होते. या तिन्ही खाणी सार्वजनिक क्षेत्रातील आहेत. राजमहलनंतर, २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी उताराचा आराखडा शास्त्रीय अभ्यासावर आधारण्याचे आणि उतारावर देखरेख ठेवण्याचे बंधन घातले. काही मोठ्या खाणींत आज रडारही बसले आहेत. तेव्हा यंत्रांना विरोध करण्याचे काही कारण नाही. ती अधिक खाणींत आली पाहिजेत, ही मागणी प्रथम चळवळीचीच असली पाहिजे.

मोजले, पण सांगितले नाही

परंतु मोजणे आणि वाचवणे यांमध्ये एक मोठी दरी आहे. ती समजण्यासाठी खाण सोडून एका धरणाकडे पाहावे लागेल, कारण डोंगराचा उतार आणि पाण्याचा दाब हा प्रश्न तेथेही तोच होता. उत्तर इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयालगतचा डोंगर हळूहळू सरकत होता. त्याची हालचाल मोजली जात होती, छिद्रांतील पाण्याची पातळीही मोजली जात होती. तीना मेर्लिन नावाच्या पत्रकार स्त्रीने कम्युनिस्ट पक्षाच्या ‘लुनिता’ या दैनिकात धोक्याविषयी लिहिले, तेव्हा खोट्या बातम्या पसरवून सार्वजनिक शांतता बिघडवल्याबद्दल तिच्यावर खटला भरण्यात आला. १९६० मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री डोंगर जलाशयात कोसळला, लाट धरणावरून उसळली आणि खालच्या खोऱ्यातील जवळजवळ दोन हजार माणसे वाहून गेली. आकडे होते, ज्यांच्या घरांवर पाणी येणार होते त्यांना ते पाहण्याचा हक्क नव्हता.

दुसरे उदाहरण समाजवाद्यांनी अधिक जवळून पाहण्यासारखे आहे. वेल्समधील अ‍ॅबरफॅन गावावर २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळसा खाणीचा ढिगारा घसरला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यावर रचलेला होता, आणि स्थानिक लोकांनी पूर्वीच तक्रारी केल्या होत्या. खाण खाजगी मालकाची नव्हती. ती राष्ट्रीयीकृत कोळसा मंडळाची होती, आणि देशात सरकार मजूर पक्षाचे होते. चौकशी न्यायाधिकरणाने मंडळाला जबाबदार धरले. तरीही उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चासाठी आपद्ग्रस्तांच्या मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून घेण्यात आले. ते परत करण्यास १९९७ साल उजाडावे लागले.

डोंगरी बुजुर्गच्या मालकीचा इतिहास याच संदर्भात वाचावा. येथील मँगनीज आधी ब्रिटिश कंपनीच्या हाती होते. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया ही कंपनी सरकारी सहभागाने स्थापन झाली, आणि १९७७ मध्ये उरलेले परकीय भागभांडवलही सरकारने घेतले. २०१० च्या डिसेंबरात तिचे काही भाग बाजारात विकले गेले, तरी ती आजही सरकारी कंपनीच आहे. राष्ट्रीयीकरणाची मागणी योग्य होती आणि तिचा अभिमान बाळगावा. मात्र मालकी सार्वजनिक झाली म्हणून माहिती आपोआप सार्वजनिक होत नाही, हा अ‍ॅबरफॅनचा धडा आहे.

एक नोंद, दोन हिशेब

आता विहिरीकडे यावे. पूर्व विदर्भाच्या या भागात बहुतांश जुना कठीण खडक आहे. त्यात पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत असते. भेगा सर्वत्र सारख्या नसतात. त्यामुळे खाणीतून उपसा झाला की एका शेतकऱ्याची विहीर आटते आणि दोन शेते पलीकडची तशीच राहते. आटलेल्या विहिरीचा मालक तक्रार घेऊन गेला, तर यंदा पाऊस कमी झाला किंवा तुमच्याच उन्हाळी धानाच्या पंपांनी पाणी ओढले, असे उत्तर त्याला सहज देता येते. हे उत्तर नेहमीच खोटे असते असेही नाही. उन्हाळी धानासाठी होणारा उपसाही मोठा आहे, ही गोष्ट चळवळीने प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. परंतु खरे काय ते ठरवण्यासाठी खाण सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची सलग नोंद लागते. ती नोंद शेतकऱ्याजवळ नसते, खाणीजवळ असते.

येथे विषयाचा गाभा येतो. खाणीच्या कड्यात बसवलेल्या पिझोमीटरचा आकडा खाली गेला की नियंत्रण कक्षात समाधान व्यक्त होते, कारण कडा सुरक्षित झाला. खाणपट्ट्याच्या सीमेपलीकडे त्याच आकड्याचा अर्थ विहिरीचे पाणी उतरत असल्याची पहिली सूचना असा असू शकतो. नोंद एकच, हिशेब दोन. कंपनीच्या ताळेबंदात पहिला हिशेब बचतीच्या रूपाने येतो. दुसरा कोठेच लिहिला जात नाही, तो शेतकऱ्याच्या घरात कर्जाच्या रूपाने उतरतो. गोव्यात डिचोली तालुक्यातील शिरगावच्या विहिरी आणि झरे लोहखनिजाच्या खाणींमुळे आटल्याचा प्रश्न थेट उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. प्रत्येक गावाला न्यायालयाची पायरी चढणे शक्य नसते.

नोंद सर्वांसमोर असण्याची कल्पना या जिल्ह्याला नवी नाही. येथील मालगुजारी तलावांचे पाणी पाळीवर उभे राहिले की कोणालाही दिसत असे. तलाव किती भरला, दार किती उघडले, हे गुपित राहूच शकत नव्हते. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मालक मालगुजार होता, आणि पाण्याच्या शेवटच्या टोकाला कोणाची शेते असत हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही अन्याय झाला तर तो डोळ्यांसमोर होत असे, म्हणून त्याविरुद्ध बोलता येत असे. भूगर्भातील पाणी डोळ्यांना दिसत नाही. ते दाखवणारे यंत्र ज्याच्या कुलपात, त्याच्या हाती ते पाणी गेले असे समजावे.

आक्षेप आणि उत्तरे

व्यवस्थापनाकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा की, हे आकडे तांत्रिक आहेत, अडाणी माणसांच्या हाती पडले तर विनाकारण घबराट होईल. वायोंतमध्ये नेमके हेच म्हटले गेले होते. ज्या शेतकऱ्याला विहिरीचे पाणी किती हात खाली गेले हे कळते, त्याला मीटरमधील नोंद कळणार नाही असे मानणे हा अहंकार आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. सायरन पुष्कळदा विनाकारण वाजतो, काम थांबते आणि नुकसान होते. खरे आहे. म्हणूनच सायरन कोणत्या आकड्याला वाजावा हा निर्णय निव्वळ तांत्रिक राहत नाही. मर्यादा खाली ठेवली तर उत्पादनाचे तास जातात, वर ठेवली तर माणसे जाण्याचा संभव वाढतो. हा निर्णय बंद खोलीत, उत्पादनाचे लक्ष्य डोक्यावर असलेल्या अधिकाऱ्याने एकट्याने घेणे योग्य नाही. आणखी एक कटू सत्य येथे सांगितले पाहिजे. ज्या ठेकेदारी कामगाराची मजुरी दिवसावर किंवा फेऱ्यांवर ठरते, त्याला काम थांबले की मजुरी मिळत नाही. मग सायरन वाजू नये असे त्यालाच वाटू लागते. थांबलेल्या वेळेची पूर्ण मजुरी मिळाल्याशिवाय कोणतेही यंत्र त्याला वाचवू शकणार नाही.

कायद्यात काही आधार आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९५ च्या खाण सुरक्षा करारात, गंभीर धोका वाटल्यास जागा सोडून जाण्याचा कामगाराचा हक्क मान्य केला आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सुरक्षेसंबंधी माहिती मागण्याचा आणि धोका नजरेस आणून देण्याचा हक्क आहे. पण धोका आहे की नाही हे प्रथम मालक ठरवतो, आणि त्याचे समाधान न झाल्यास निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. भूजलाबाबत केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी खाणींना निरीक्षण-विहिरी आणि पातळी आपोआप टिपणारी यंत्रे बसवण्यास सांगितले आहे. सरकारी कंपन्यांना २००५ चा माहिती अधिकार कायदा लागू आहे. खनिजाच्या स्वामित्वधनाशी जोडलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी २०१५ च्या दुरुस्तीने निर्माण झाला, आणि तो खाणबाधित गावांसाठीच आहे.

मागण्या आणि काम

या आधारांवर पाच मागण्या उभ्या राहतात.

पहिली, कड्याच्या हालचालीची आणि भूजलाची रोजची नोंद खाणीच्या फाटकावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर, लोकांच्या भाषेत, लावली जावी.

दुसरी, सायरनची मर्यादा ठरवताना कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी बरोबरीने बसावेत; त्यांत ठेकेदारी कामगारही असावेत.

तिसरी, धोक्यामुळे थांबलेल्या प्रत्येक तासाची पूर्ण मजुरी मिळावी.

चौथी, खाणपट्ट्याबाहेरच्या गावांत स्वतंत्र निरीक्षण-विहिरी जिल्हा खनिज निधीतून खोदाव्यात आणि त्यांची नोंद भूजल सर्वेक्षण यंत्रणेने ग्रामसभेसमोर ठेवावी.

पाचवी, खाण बंद झाल्यावर यंत्रे उचलून नेऊ नयेत. उपसा थांबला की खड्ड्यात पाणी चढते, कडे पुन्हा भिजतात, आणि धोक्याच्या त्या काळात पाहणारे कोणीच उरत नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ मध्ये स्थापन झाली; ती ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. खाणींजवळच्या गावांतील कार्यकर्त्यांनी हेच काम अधिक विहिरींवर सुरू करावे. टोकाला वजन बांधलेली मोजपट्टी, एक वही आणि चिकाटी एवढेच साहित्य पुरते. मेअखेर आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, ठरलेल्याच विहिरींची, ठरलेल्याच कडेपासून, पंप काही तास बंद ठेवून मोजणी करावी. तारीख लिहावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, आणि वहीचे वाचन ग्रामसभेत करावे. त्या वर्षीचा पाऊस आणि आसपासच्या पंपांची संख्याही लिहावी. आपल्या बाजूला गैरसोयीचा आकडाही गाळू नये, कारण गाळलेल्या आकड्यांची वही पहिल्याच चौकशीत निकामी ठरते.

तीन-चार वर्षांची अशी वही हाती असली, तर खाणीच्या नियंत्रण कक्षातील आकड्यांशी ती ताडून पाहण्याची मागणी कोणत्याही अधिकाऱ्याला सहजासहजी नाकारता येणार नाही. या मेअखेरीस निदान दहा गावांत पहिली मोजणी व्हावी, एवढा निर्णय घेऊन हा वर्ग संपावा.